वीस वर्षं सोसलं, मग आताच कसं?

पावसाळा सरत आला होता. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार माझ्यासमोर बसले होते. वय पन्नाशीच्या पुढे. डोक्याला गुंडाळलेला पंचा त्यांनी सोडला आणि मला आधी दिसल्या त्या पापण्या. वरच्या पापणीची कातडी जाड, काळपट होऊन तिला आडव्या घड्या पडल्या होत्या, जुन्या चपलेच्या पट्ट्याला पडतात तशा. मान, सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारा छातीचा तुकडा, कोपराच्या आतली लवण, सगळीकडे तेच. खाजवून खाजवून बोटांची नखं पॉलिश केल्यासारखी चकाकत होती. उन्हानं होतंय असा त्यांचा समज होता. मी त्यांना हनुवटी वर करायला सांगितली, मग कानामागे पाहिलं. ऊन जिथे पोचत नाही तिथेही कातडी तशीच झाली होती. उन्हाचा त्रास हनुवटीखालची सावली सोडून देतो. हवेतून येऊन अंगावर बसणारी वस्तू ती सोडत नाही.

“बांधावर गाजर गवत आहे का, दादा?”

“ते कुठे नाही, मॅडम? पण त्याचं काही नसेल. वीस वर्षं झाली, हातानं उपटतोय. कधी अंगाला खाज म्हणून नाही. मग आताच कसं?”

हे पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू झालं. नाशिकमध्ये इतकी वर्षं त्वचेचे आणि ॲलर्जीचे रुग्ण पाहताना हाच प्रश्न मी शेकडो तोंडांतून ऐकला आहे. कोळंबी खाऊन ओठ सुजलेली बाई म्हणते, लहानपणापासून खाते आहे. इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठलेला मुलगा सांगतो, हेच औषध मागच्या वर्षी घेतलं होतं. आपण आधीच्या निर्धोक वर्षांकडे पुरावा म्हणून बोट दाखवतो आणि म्हणतो, त्या वस्तूनं काही झालेलं नाही, कारण दुसरंच असणार. ॲलर्जीच्या बाबतीत हा तर्क उलटा चालतो. जिच्याशी शरीराची आधी ओळख झालेली नाही, तिची ॲलर्जी होऊ शकत नाही. ती वीस वर्षं ओळख होण्यात गेली होती.

गाजर गवताची गोष्ट महाराष्ट्राचीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. मूळ अमेरिका खंडातलं हे तण 1955 च्या सुमारास पुण्यात नजरेला आलं. अमेरिकेतून पीएल-480 कराराखाली आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, आणि त्या काळच्या सरकारवरून लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ हे नाव देऊन टाकलं. पांढऱ्या बारीक फुलांमुळे काही भागांत त्याला ‘चटक चांदणी’ म्हणतात. इतकं देखणं नाव या झाडाला मिळावं याचं मला दर पावसाळ्यात वाईट वाटतं. एका झाडावर हजारो बिया, जनावरं तोंड लावत नाहीत, आणि रस्त्याची कड, पडीक रान, बांध, बसस्टँडमागची मोकळी जागा असं काहीच त्याला वर्ज्य नाही. काही वर्षांतच पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे विचित्र इसबाचे रुग्ण येऊ लागले. बहुतेक शेतकरी, बहुतेक पुरुष, आणि सगळ्यांची उघडी कातडीच धरलेली. डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी सहकाऱ्यांबरोबर 1974 साली या आजाराचं जे वर्णन प्रसिद्ध केलं, त्यामुळे तो वैद्यकशास्त्राच्या नकाशावर आला. एका परक्या झाडाची आणि मराठी शेतकऱ्याच्या प्रतिकारयंत्रणेची गाठ कशी पडली याची ती नोंद होती. मला ती आपल्या वैद्यकाच्या इतिहासातली फार मोलाची नोंद वाटते.

या झाडाच्या पानांवर, देठांवर, फुलांवर बारीक लव असते आणि तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू इतका लहान की प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत तो एकटा भरतच नाही. पण तो कातडीत शिरून आपल्याच एखाद्या प्रथिनाला चिकटला की ते घरचं प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीत गस्त घालणाऱ्या लँगरहॅन्स पेशी ते उचलतात, जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशींना दाखवतात. लाखो टी पेशींमधल्या ज्या थोड्यांना ते ओळखता येतं, त्या वाढू लागतात. काम संपल्यावर बहुतेक मरतात, काही मात्र आठवण जपून वर्षानुवर्षं शरीरात फिरत राहतात. पुढच्या वेळी पार्थेनिन आलं की या आठवण असलेल्या पेशी त्या जागी जमतात, बाकीच्यांना हाका मारतात आणि सूज आणतात. या सगळ्याला दीड-दोन दिवस लागतात. म्हणून रविवारी गवत उपटलं की खाज मंगळवारी पेटते, आणि माणूस मंगळवारच्या जेवणातल्या अंड्याला दोष देतो.

आमच्या बागायतदारांची पाठ मी एका सोमवारी पाहिली. पाठीवर पॅच चाचणीच्या पट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टीत छोट्या वाट्या, आणि एका वाटीत गाजर गवताचा अर्क. आठवडाभर पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. छाटणी तोंडावर आलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर आलं होतं. बुधवारी पट्ट्या काढल्या तेव्हा एक फिकट लाल वर्तुळ दिसलं. शुक्रवारी तेच वर्तुळ फुगून त्यावर मोहरीच्या दाण्याएवढे पाण्याचे फोड आले होते. आजूबाजूच्या वाट्यांच्या जागा कोऱ्या होत्या. त्यांच्या मुलानं मोबाईलवर पाठीचा फोटो काढून त्यांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि एवढंच म्हणाले, “म्हणजे हे अंगालाच पाठ झालंय.” मी इतक्या नेमक्या शब्दांत हे कधी सांगितलं नव्हतं.

त्याच घरात त्यांची सून पावसाळा संपता संपता सकाळी उठली की पंधरा-वीस शिंका देते. नाकातून पाणी, टाळूला खाज, डोळे लाल. तिच्या हाताच्या आतल्या बाजूवर मी वेगवेगळ्या परागांच्या अर्कांचे थेंब ठेवून सुईनं किंचित टोचलं. पंधरा मिनिटांत गाजर गवताच्या परागाखाली डास चावल्यासारखी पांढरट गाठ उठली आणि भोवती लाली पसरली. झाड तेच, अंगण तेच, पण तिच्या नाकात आणि सासऱ्यांच्या कातडीत दोन वेगळी घड्याळं चालली होती. एक दोन दिवसांचं, दुसरं पंधरा मिनिटांचं. एवढा एक फरक वाचकाच्या मनात पक्का बसला तर हे पुस्तक लिहिण्याचे माझे कष्ट वाया गेले नाहीत असं मी समजेन.

पंधरा मिनिटांच्या घड्याळाचा शोध लागायला बराच काळ गेला. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष टोचत होते. टोचल्यानंतर आठ-दहा दिवसांनी काही मुलांना ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे दुखत. त्यांना आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांना एक गोष्ट खटकली: त्याच मुलाला पुन्हा टोचावं लागलं तर त्रास फार लवकर सुरू होई, कधी काही तासांत. म्हणजे मधल्या काळात मूल बदललं होतं. पहिल्या भेटीनं त्याच्या शरीराची वागणूक वेगळी झाली होती. 1906 साली पिर्के यांनी या ‘बदललेल्या वागणुकी’ला ग्रीक शब्दांवरून ॲलर्जी हे नाव दिलं. त्या शब्दात अशक्तपणा कुठेच नव्हता, होता तो बदल.

मग हा बदल रक्तात कुठे राहतो? 1921 साली जर्मनीत हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजलेल्या माशांची ॲलर्जी होती. त्यांच्या रक्ताचा द्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे एरवी मजेत खाणाऱ्या प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर तेवढ्याच जागी गांध उठली. मित्राची आठवण उसनी मिळाली होती. रक्तातला तो पदार्थ नेमका कोणता हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. 1966 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं तो वेगळा ओळखला. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या योहान्सन आणि बेनिश यांनी तोच दुसऱ्या वाटेनं गाठला, आणि 1968 साली त्याला आयजीई हे नाव ठरलं. हे प्रतिपिंड रक्तात इतक्या अल्प प्रमाणात असतं की शोधायला इतका वेळ लागला यात नवल नाही.

आयजीईचं खरं ठिकाण रक्त नव्हे. नाकाचं अस्तर, श्वासनळ्या, आतडी, कातडी, म्हणजे बाहेरचं जग जिथे शरीराला भिडतं अशा प्रत्येक उंबऱ्यावर मास्ट पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टमिनचे दाणे ठासून भरलेले असतात. त्यांच्या अंगावर आयजीई चिकटून राहतं, आठवड्यामागून आठवडे, भरलेल्या बंदुकीच्या चापासारखं. सुनेच्या नाकात गाजर गवताचा पराग आला, त्याच्या प्रथिनानं शेजारच्या दोन आयजीईंना एकत्र बांधलं, की पेशी दाणे बाहेर फेकते. हिस्टमिन सुटतं, नसा खाजतात, रक्तवाहिन्या पाझरतात, शेंबूड वाहतो. त्यानंतर काही तासांनी इओसिनोफिल पेशींची दुसरी फळी येते. नाक बंद राहतं आणि दम्याच्या रोग्याची रात्री छाती भरून येते ती तिच्यामुळे. ही सगळी व्यवस्था जंतांशी लढण्यासाठी उभी राहिली असावी, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. परागाला ती जंतासारखी वागवते.

इथे मला एका गैरसमजाशी भांडायचं आहे. करोनानंतर प्रत्येक घरात ‘इम्युनिटी’ हा शब्द शिरला. सर्दी सतत होते, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी आहे, ती वाढवायला हवी, मग काढे, गोळ्या, पावडरी. शिंकणाऱ्या मुलीला आई तीन महिने काहीबाही पाजते आणि मग माझ्याकडे घेऊन येते. या मुलीच्या शरीराची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती नको त्या वस्तूला पक्की ओळखते आणि तिच्यावर सगळा जोर लावते. ‘वाढवणं’ हा उपायच तिथे लागू होत नाही. औषधांचा आख्खा विचार वेगळ्या दिशेनं चालतो: वस्तू दूर ठेवणं, हिस्टमिन अडवणं, सूज उतरवणं, आणि काही निवडक रुग्णांत तीच वस्तू अगदी सूक्ष्म मात्रेत वर्षानुवर्षं देऊन त्या ओळखीला शांत करणं. या शेवटच्या उपचाराचं मूळ लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये लंडनला गवताच्या परागांवर केलेल्या प्रयोगात आहे.

दुसरा गोंधळ शब्दांचा. आपल्याकडे ‘वावडं’ हा फार जुना आणि सुंदर शब्द आहे. मला वांग्याचं वावडं आहे असं म्हणणाऱ्या माणसाला वांगं आवडत नसेल, पचत नसेल किंवा खरोखर ॲलर्जी असेल. तिन्ही त्या एका शब्दात मावतं. मैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वांग्याची खरी ॲलर्जी असलेले लोक शोधले, आणि ॲलर्जी आणणारी प्रथिनं सालीत जास्त असल्याचं त्यांना आढळलं. तेव्हा आजीचं पथ्य अगदीच निराधार नव्हतं. पण दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या माणसाला बहुतेकदा दुधातली साखर पचत नसते. तिथे प्रतिकारयंत्रणेचा काही संबंध नाही. मराठी परिभाषेत ॲलर्जीला ‘अधिहर्षता’ असा शब्द आहे. त्यातला हर्ष आनंदाचा नाही, ‘दंतहर्ष’ म्हणतात तेव्हाच्या शिरशिरीचा आहे. शब्द घडवणाऱ्यांनी विचार केला होता. तरी मी पुस्तकभर ॲलर्जीच लिहिलं आहे, कारण ओझरच्या बाजारात आणि पंचवटीच्या घाटावर लोक तोच शब्द बोलतात.

नाशिक जिल्ह्यात तर ॲलर्जी या शब्दाखाली काय काय लपतं ते वेगळंच पाहावं लागतं. लासलगावला कांदा निवडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी येतं, ती ॲलर्जी नाही. कापलेल्या कांद्यातून सुटणारा गंधकयुक्त वायू कुणाच्याही डोळ्याला झोंबतो, पहिल्या दिवशीही झोंबतो. चाळीत साठवलेल्या कांद्यावर धरणारी काळी बुरशी मात्र ॲस्परजिलस कुळातली. तिचे बीजाणू श्वासात गेले की दम्याच्या माणसाला ते भोवू शकतात. बागेत भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी धुरळली की डोळे चुरचुरतात, तेही ॲलर्जीशिवाय. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. ते काम केलेल्या माणसानं संध्याकाळी दारू घेतली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलटी. घरचे म्हणतात, रिॲक्शन आली, ॲलर्जी आहे. खरं तर ते रसायन दारू पचवणाऱ्या यकृतातल्या एका विकराला बंद पाडतं. त्यामुळे दारूचं अर्धवट पचन होऊन विषारी ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. असं कुणालाही होईल. पेठ-सुरगाण्याहून बागेत कामाला येणाऱ्या मजुराला हे कुणी आधी सांगत नाही, याची मला चीड आहे. हातमोजे आणि चार शब्द, एवढंच लागतं.

घरातल्या ॲलर्जीबद्दल पुस्तकात तीन प्रकरणं आहेत. इथे एवढंच लिहिते की दिवाळीआधीच्या साफसफाईत दम्याचे जितके रुग्ण माझ्याकडे येतात, तितके फटाक्यांच्या रात्रीही येत नाहीत. पोटमाळ्यावरच्या गाद्या आणि गोधड्या झटकल्या की धुळीतल्या किड्यांची विष्ठा हवेत उडते. हे किडे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, माणसाच्या झडलेल्या कातडीवर जगणारे. घरच्या धुळीतली ॲलर्जी यांच्यामुळे होते हे 1964 मध्ये हॉलंडमध्ये लायडनला सिद्ध झालं. त्यांना दमट हवा हवी असते. गाद्यांना कडक ऊन दाखवण्याची आपली जुनी रीत म्हणूनच चांगली आहे. फक्त झटकायचं काम दम्याच्या माणसाला देऊ नका.

आणि दम्याचा पंप. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी रोज ऐकते. ज्या आईला पंपातल्या स्टेरॉइडची भीती वाटते, ती दर महिन्याला दम लागल्यावर मुलाला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्यायला तयार असते. हिशेब साधा आहे. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण 200 मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ते थेट श्वासनळीत जातं. 20 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच्या शंभरपट वजन, आणि ते सगळ्या अंगात फिरतं. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्यानं ही तुलना काटेकोर नाही, हे मला माहीत आहे. पण भीती कशाची धरावी एवढं ती सांगते.

शेवटचं प्रकरण सर्वात छोटं आहे, आणि आधी तेच वाचावं असं मला वाटतं. औषध, मधमाशी किंवा खाण्यानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी, आवाज बसणं, धाप, चक्कर यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली तर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिला उपाय ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. ॲलर्जीची गोळी आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन त्यानंतर. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिसर्पविष लावताना सिस्टर आधी ॲड्रिनलिनची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवते, ते यासाठीच. ते औषध आजही घोड्याच्या रक्तापासून बनतं, पिर्के यांच्या प्रतिविषासारखंच. त्याची रिॲक्शन पहिल्याच वेळी येऊ शकते आणि तिच्यामागे दरवेळी आयजीई असतंच असं नाही, तरी जीव वाचवणारी सिरिंज तीच. थोडा डोस आधी टोचून पाहायची जुनी रीत आता बंद झाली आहे, कारण त्या चाचणीवरून पुढचं काही कळत नाही.

आमच्या बागायतदारांना मी गवत उपटायचं बंद करायला सांगितलं. ते हसले. शेत आहे तिथे बांध आहे आणि बांध आहे तिथे गाजर गवत. मग आम्ही ठरवलं की पावसाच्या सुरुवातीला, फुलं येण्याआधी, मुलानं पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून बांध साफ करायचे. उपटलेलं गवत जाळायचं नाही, कारण धुराबरोबर त्याचे कण हवेत उडतात. त्यांनी स्वतः त्या दिवसांत बांधाकडे फिरकायचं नाही, आणि घरी आल्यावर कपडे बदलल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा पापण्यांच्या घड्या उघडल्या होत्या. शेजारच्या पडीक रानातून वारा आला की मान अजूनही खाजते, असं ते म्हणाले. त्या रानाचा मालक मुंबईला असतो. ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा आहे, त्यात आजाराचं नाव मराठीत काय लिहू, असं त्यांनी मला विचारलं, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.